चौदा नंबरचं बारसं

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात अठरा-वीस इंच पाऊस पडला. विश्वामित्री फुगली आणि कारेलीबागेत माझ्या मामाच्या तळमजल्यात पाणी शिरलं. ओसरल्यावर आम्ही दांडिया बाजारातल्या आमच्या घरून झाडू, बादल्या, फिनेल घेऊन मामाकडे पोहोचलो. त्या दिवसांत बडोद्यात गाळ उपसण्याआधी काठीनं ढोसून बघायची पद्धत होती, कारण नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये आल्या होत्या. मामाच्या अंगणात मगर काही निघाली नाही. मी चपलांच्या रॅकखालचा थोडा गाळ निर्जंतुक नळीत भरला, झाकण लावलं, वर तारीख घातली. मामी बघत होती.

"अगं, तू साफ करायला आलीस की न्यायला?"

पीएचडीचं माझं पहिलं वर्ष होतं, विषय अजून हवेतच होता, आणि मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पुराचा गाळ फुकट मिळतोय तर घेऊन ये. एवढीच सुरुवात.

एक ग्रॅम गाळ नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये कालवायचा, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, असं दहा-दहा पटीनं पातळ करत न्यायचं आणि प्लेटवर पसरायचं. नेहमीच्या न्यूट्रिएंट अगारवर हे केलं की दुसऱ्याच दिवशी जत्रा भरते, पण जत्रेत येतात ते सगळे खादाड आणि घाईचे. म्हणून मॅडमनी आर-टू-ए नावाचं माध्यम घ्यायला लावलं. त्यात अन्न मुद्दाम कमी असतं, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्यांनाही पाटावर जागा मिळते. २८ अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या प्लेटांवरून मी वेगळ्या दिसणाऱ्या बावीस कॉलनी उचलल्या. त्यांना व्हीएम-१ ते व्हीएम-२२ असे नंबर दिले. व्हीएम म्हणजे विश्वामित्री. मामाला मात्र मी 'वडोदरा-मामा' असं सांगितलं आणि तो अजूनही तेच धरून चालतो.

चौदा नंबरची कॉलनी हळदीच्या रंगाची होती. तिच्यावर २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की ती विटकरी लाल व्हायची, आणि आम्ल टाकलं की परत पिवळी. फ्लेक्सिरुबिन गटातल्या रंगद्रव्याची ही खूण. मला याचं फार कौतुक वाटलं. घरी आजीला सांगितलं तर तिला काहीच नवल वाटेना. हळदीत चुना कालवला की लाल होते, हे तिला ठाऊकच होतं. "तुझा जंतू हळदी-कुंकवाचा आहे म्हण की," एवढं बोलून ती वाल सोलायला लागली.

आता मुद्दा असा की पिवळ्या, न हलणाऱ्या, ग्रॅम-निगेटिव्ह (म्हणजे ग्रॅमच्या चाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) जंतूंच्या काड्या जगात ढिगानं आहेत. आपल्याकडचा कोण, हे नुसतं बघून कळत नाही. (मराठीत याची आणखी एक अडचण आहे. पाठ्यपुस्तकात जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रात स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत सरळ जीनस आणि स्पीशीज म्हणतो, इथेही तेच ठेवते.) म्हणून १६-एस आरआरएनए नावाचा जीन वाचून घेतात. तो साधारण १,५०० अक्षरांचा असतो, सगळ्या जीवाणूंत असतो आणि फार हळू बदलतो. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी अशाच रेणूंची तुलना करून आर्किया हा अख्खा गट जीवाणूंपासून वेगळा काढला होता. आपण त्या मानानं फारच छोटा प्रश्न विचारतो: बाबा रे, तू कोणाच्या घरातला?

सिक्वेन्स मेलवर आला त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. तो इझबायोक्लाउडवर टाकला. तिथे आपला सिक्वेन्स नाव मिळालेल्या स्पीशीजच्या टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्याच्यावरून ते नाव ठेवलं त्या जंतूशी, ताडून देतात. उत्तर आलं ९४.१ टक्के. साधारण ९४.५ च्या खाली गेलं तर जीनससुद्धा नवा असू शकतो, हे मी नुकतंच वाचलेलं. स्पीशीज नाही, जीनस! मी बाबांना फोन केला, बाबांनी आत्याला केला, आणि त्या रात्री घरातल्या सगळ्यांना माझ्याकडून शेव-उसळ झाली, वर जादा तरी घालून.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आकडा ऐकला आणि शांतपणे म्हणाल्या, "क्रोमॅटोग्राम दाखव."

क्रोमॅटोग्राम म्हणजे यंत्रानं वाचलेल्या अक्षरांचे रंगीत डोंगर. मधले डोंगर सुबक, टोकदार. दोन्ही टोकांना मात्र एकमेकांवर चढलेला चिखल, कारण सुरुवातीची काही अक्षरं आणि लांब गेल्यावरची शेवटची अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. ती कापून टाकायची असतात. मी तो चिखलही जीन म्हणून जमा धरला होता. टोकं छाटून, दोन्ही बाजूंचे तुकडे नीट सांधून पुन्हा टाकलं तर ९८.२ आले. जीनस गेला. शेव-उसळीचे पैसे गेले. आत्या अजून कोणी पाहुणा आला की "हिनं नवा जीनस शोधला होता एका रात्रीपुरता" असं सांगते.

पण ९८.२ सुद्धा वाईट नव्हते. १९९४ मध्ये ९७ टक्क्यांची रेषा सुचवली गेली होती, त्याच्या खाली असेल तर स्पीशीज वेगळी. २००६ मध्ये ती रेषा ९८.७ च्या आसपास सरकवली गेली. म्हणजे आम्ही रेषेच्या खाली होतो, पण उंबऱ्यावरच. आणि ही रेषा म्हणजे कायदा नाही. ९९ टक्के जुळूनही वेगळ्या ठरलेल्या स्पीशीज आहेत. त्यामुळे २०१८ पासून या विषयाच्या मुख्य नियतकालिकानं, इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टेमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजीनं, संपूर्ण जीनोम, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए वाचून, मागायला सुरुवात केली. आमच्याकडे त्याला नुसतं 'आयजेसेम' म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो.

जीनोमसाठी डीएनए काढायचं ठरलं आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. चौदा नंबर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर झोपला आणि मी दांडिया बाजारात लॅपटॉपसमोर बसले.

घरी बसून करण्यासारखं एकच होतं, फायलोजेनेटिक ट्री, म्हणजे कोण कोणाच्या किती जवळचा ते दाखवणारं झाड. जवळच्या सगळ्या टाइप स्ट्रेनचे १६-एस सिक्वेन्स घ्यायचे, ओळीत लावायचे, दोन-तीन वेगवेगळ्या पद्धतींनी झाड काढायचं, हजार वेळा फेरफार करून प्रत्येक फांदी किती वेळा टिकते ते बघायचं. आजीनं पडद्यावरचं झाड बघितलं आणि आत जाऊन आमचा कुलवृत्तांत घेऊन आली. जाड, लाल कापडी बांधणीचा, कोकणातल्या मूळ पुरुषापासून बडोद्यात गायकवाडांच्या चाकरीत आलेल्या शाखेपर्यंत. तिला तुलना अगदी बरोबर सुचली होती. त्यातही काही फांद्यांच्या शेवटी 'माहिती उपलब्ध नाही' आहे, आणि एका जागी दत्तक गेलेल्या मुलाचं नाव दोन घरांत आहे.

ते दत्तकाचं प्रकरण मला पुढे फार उपयोगी पडलं.

माझं झाड सांगत होतं की चौदा नंबर क्रायसिओबॅक्टेरियम या जीनसमध्ये बसतो. ग्रीक क्रायसिओस म्हणजे सोनेरी; हा जीनस १९९४ मध्ये फ्लॅव्होबॅक्टेरियममधून वेगळा निघाला आणि नंतर त्यात इतक्या स्पीशीज भरल्या की मुंबईची लोकलच. मी प्रबंधाचं प्रकरण त्याच नावानं लिहायला घेतलं. आणि २०२० मध्येच एक मोठा शोधनिबंध आला. जीनोमवरून त्यांनी दाखवलं की क्रायसिओबॅक्टेरियम हे एकत्र कुटुंब खरं म्हणजे वेगवेगळी घरं आहेत, आणि त्यातल्या काही स्पीशीज कायस्टेला, एपिलिथोनिमोनास वगैरे जीनसमध्ये हलवल्या. माझ्या चौदा नंबरचे सगळे शेजारी त्या यादीत होते. ते सामान बांधून कायस्टेलात राहायला गेले होते.

यातली कायस्टेला कोरिएन्सिसची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. ती २००४ मध्ये याच नावानं जन्मली. जीनसचं नाव कोरियातल्या 'कायस्ट' या संस्थेच्या आद्याक्षरांवरून. २००९ मध्ये तिला क्रायसिओबॅक्टेरियममध्ये घातलं, नाव झालं क्रायसिओबॅक्टेरियम कोरिएन्से. २०२० मध्ये परत कायस्टेला कोरिएन्सिस. स्वतः जीवाणूला यातलं काही कळलेलं नाही.

मी आजीला हे समजावत होते. "म्हणजे गोपाळचा सयाजी झाला तसं," ती म्हणाली. १८७५ मध्ये कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवलं आणि त्याचं सयाजीराव झालं, हे आमच्या घरात काल घडल्यासारखं सांगतात. पण पूर्ण तसं नाही. इथे स्पीशीजचं नाव तेच राहतं, घराचं तेवढं बदलतं. तेव्हा लग्नानंतर आडनाव बदलतं तसं म्हणावं लागेल. शिवाय ज्यानं पहिल्यांदा नाव ठेवलं त्याचं नाव कंसात जातं आणि ज्यानं घर बदललं त्याचं कंसाबाहेर लिहितात. माहेर कंसात. आजीला ही व्यवस्था आवडली. "आमच्या वेळी कंससुद्धा नव्हता," ती म्हणाली.

आडनाव बदललं की शेपूटही बदलतं. लॅटिनमध्ये बॅक्टेरियम नपुंसकलिंगी आणि कायस्टेला स्त्रीलिंगी. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, आपल्या 'पिवळं फूल, पिवळी साडी'सारखंच. म्हणून इस्रायलमध्ये कच्च्या दुधातून मिळालेली हायफेन्से ही स्पीशीज कायस्टेलात गेल्यावर हायफेन्सिस झाली. ज्यांनी मराठी व्याकरणात मार खाल्लाय त्यांना हे एका मिनिटात समजतं. फक्त इंग्रजीवर वाढलेल्या माझ्या मित्राला तो अजून अन्याय वाटतो.

२०२१ मध्ये प्रयोगशाळा उघडली, जीनोम झाला. पहिलं काम म्हणजे जीनोममधला १६-एस आणि माझा आधीचा १६-एस एकच आहेत का ते बघणं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर ती इथे पकडली जाते. जुळले. मग एएनआय, म्हणजे दोन जीनोमांचे तुकडे समोरासमोर ठेवून काढलेली सरासरी जुळणी. स्पीशीजची सीमा ९५-९६ टक्क्यांना. चौदा नंबर सगळ्यात जवळच्या नातेवाइकाशी ८६ च्या घरात होता. १९८७ पासून चालत आलेला डीएनए-डीएनए संकरणाचा ७० टक्क्यांचा निकष आता संगणकावरच काढतात. तिथे तर आम्ही तिशीतही नव्हतो. मॅडम पहिल्यांदा हसल्या. त्या संध्याकाळी मी कोणालाही फोन केला नाही.

यानंतरचा भाग सांगायला कंटाळवाणा आणि करायला त्याहून. परदेशी संग्रहांतून शेजाऱ्यांच्या टाइप स्ट्रेन मागवायच्या, जिवंत करायच्या, आणि आपल्याबरोबर एकाच दिवशी, एकाच माध्यमात, एकाच तापमानाला वाढवून तपासायच्या. कोणती साखर वापरतो, किती मीठ सोसतो, किती अंशांपर्यंत वाढतो, कोणती एन्झाइम. या तपासणीच्या तयार पट्टीवरच्या इवल्याशा खाचांत रंग पिवळा झाला की केशरी, यावर मी आणि माझी ज्युनिअर भांडायचो. मेनाक्विनोन (पेशीच्या श्वसनात लागणारा एक रेणू) एमके-६ निघालं, या कुटुंबात तेच निघायला हवं. फॅटी ॲसिडमध्ये मी माती खाल्ली. चौदा नंबर आर-टू-एवर वाढवला होता आणि शेजारी ट्रिप्टिक सोय अगारवर, कारण ते त्यावर छान वाढतात. फॅटी ॲसिडचं प्रमाण अन्नावर आणि वाढीच्या वयावर बदलतं, त्यामुळे माझा अख्खा तक्ता म्हणजे दोन वेगळ्या खानावळींतल्या माणसांची वजनं होती. सगळं पुन्हा केलं. दोन महिने गेले.

आणि त्यात मॅडमनी विचारलं, "स्ट्रेन एकच आहे ना?"

एका स्ट्रेनवरून स्पीशीज लिहायला बंदी नाही. निम्म्याहून जास्त लोक तेच करतात. मला ते तेव्हा चालण्यासारखं वाटत होतं, आता वाटत नाही. दांडिया बाजारातला एक माणूस धरून आणायचा, त्याला तपासायचं, आणि लिहायचं की दांडिया बाजारातले लोक डावखुरे असतात व त्यांना कारलं आवडतं! दुसरा स्ट्रेन हवा. पण मामाच्या अंगणात आता फरशी होती.

म्हणून मी काळा घोड्याच्या पुलाजवळ विश्वामित्रीच्या काठाला उतरले, ज्युनिअरला वर उभं करून. तिचं काम पाण्याकडे बघायचं. नळी भरेपर्यंत तिनं तीनदा "ताई, लाकूड आहे की काय ते" असं विचारलं. दोनदा लाकूड होतं. तिसऱ्यांदा आम्ही बघायला थांबलो नाही. त्या गाळातून चार पिवळ्या मिळाल्या, त्यातल्या दोन चौदा नंबरच्याच स्पीशीजच्या. डीएनएचे पट्टे थोडे वेगळे होते, म्हणजे त्या चौदा नंबरच्या नकला नव्हत्या, भावंडं होती. आणि चौदा नंबरचा एक गुण, ज्याच्यावर मी वर्णनात मोठा परिच्छेद लिहिला होता, तो दोघांतही नव्हता. परिच्छेद काढला.

तरी टाइप स्ट्रेन चौदा नंबरच राहिला. टाइप म्हणजे नमुनेदार असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नसतं. टाइप म्हणजे नावाचा खुंटा. नावाची गाय कुठेही चरायला गेली, जीनस बदलला, दोन स्पीशीज एक झाल्या, तरी दावं त्या एका स्ट्रेनला बांधलेलं असतं. तो कुटुंबातला सगळ्यात विक्षिप्त सदस्य निघाला तरी चालतो.

आणि खुंटा सगळ्यांना सापडेल असा ठोकावा लागतो. जीवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम असा की टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत जमा हवा, आणि मागेल त्याला मिळायला हवा. मला वाटतं या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात सुंदर अट हीच, आणि माझी सगळ्यात जास्त दमछाकही हिच्यातच झाली. एक स्ट्रेन पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात पाठवायचा होता. मी घाईत जुन्या स्लँटवरूनच (तिरक्या माध्यमाच्या नळीवरून) पाठवला. मेल आला: वाढ नाही. मेलेला जंतू कुरिअर करणारी म्हणून मी विभागात काही दिवस प्रसिद्ध होते. ताजा करून, दोनदा तपासून पुन्हा पाठवला.

परदेशातल्या संग्रहासाठी वेगळीच तयारी. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. गाळातला जीवाणू हीसुद्धा देशाची जैविक संपत्ती, तेव्हा तो बाहेर पाठवायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा का आहे ते मला पटतं. हळदीच्या पेटंटची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अर्जात नमुना कुठून घेतला ते विचारतात. मी लिहिलं, 'पूरग्रस्त निवासी परिसर, वडोदरा', आणि खाली मामाच्या घराचे अक्षांश-रेखांश. त्यात रेखांशाचा एक आकडा चुकला आणि कागदोपत्री माझा मामा काही आठवडे खंभातच्या आखातात राहत होता. दुरुस्ती, पुन्हा सही, पुन्हा शिक्का. मधल्या काळात मी नाव शोधत होते.

नाव शेवटी येतं. बाहेरच्यांना वाटतं तेच पहिलं असेल.

बाबांना कोणा मोठ्या माणसाचं नाव हवं होतं. त्यांच्या मनात २००९ ची बातमी होती: बलूननं अतिउंचावरून आणलेल्या हवेत आपल्या शास्त्रज्ञांना नवे जीवाणू मिळाले आणि त्यांना बॅसिलस इस्रोनेन्सिस, बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावं दिली. मी सांगितलं की दोघंही आता बॅसिलस राहिलेले नाहीत, एक सोलिबॅसिलस झाला आणि दुसरा प्रीस्टिया. बाबांचा चेहरा पडला. मामाचं म्हणणं, जागा त्याची तर नावही त्याचं. माणसाच्या नावावरून ठेवता येतं, पुरुष असेल तर शेवटी आय, बाई असेल तर एई. फक्त लेखकानं स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. मामा लेखक नव्हता, त्यामुळे त्याला थांबवायला मला दुसरी कारणं शोधावी लागली.

मला मगर आवडली होती. आपल्या मगरीचं शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस, म्हणजे दलदलीतली. पण या पिवळ्या कुटुंबात पॅलस्ट्रे नावाचं कोणी आधीच होतं, आणि एका जीनसमध्ये तेच नाव दुसऱ्याला देता येत नाही. विश्वामित्री लॅटिनमध्ये घातली तर असं लांबलचक काहीतरी व्हायचं की परदेशी माणसाची जीभ गाळात रुतेल. संहिताही सांगते की उच्चारायला अवघड नावं टाळा. राहिलं गावाचं नाव. आणि तिथे घरात उभी फूट पडली. वडोदरेन्सिस की बरोडेन्सिस? १९७४ पासून सरकारी इंग्रजीतही वडोदराच आहे, पण विद्यापीठाच्या नावात बरोडा अजून तसंच. आजी दोन्हीला तयार नव्हती. "ते बडोदं आहे. बडोदेन्सिस लिही." मी म्हटलं, आजी, नकाशावर बडोदं असं कुठेच नाही. ती म्हणाली, "मग नकाशा दुरुस्त करा."

मॅडमनी मला एकच काम दिलं: नाव ठरवण्याआधी सगळ्या नावांची यादी बघ. १९९७ मध्ये एका फ्रेंच पशुवैद्यकानं, जाँ यूझेबी यांनी, अशी यादी इंटरनेटवर सुरू केली. आज ती जर्मनीतला एक संग्रह चालवतो आणि आम्ही तिला एलपीएसएन म्हणतो. त्यामागे आणखी जुनी सफाई आहे. जीवाणूंची नावं एकेकाळी इतकी माजली होती, एकाच जीवाणूला पाच आणि एका नावाखाली पाच, की शेवटी पाटी पुसली गेली: १ जानेवारी १९८० ही नवी सुरुवात धरून मान्य नावांची एक यादी छापली आणि हजारो जुनी नावं बाहेर राहिली. मला हे वाचताना हेवा वाटला. आपल्या नगरपालिकांनी गल्ल्यांच्या नावांचं असं कधी केलं नाही.

हस्तलिखित गेलं. परीक्षकांचे शेरे आले: एकवीस मुद्दे. त्यातले सतरा तक्त्यांचे, दोन झाडाचे, एक असा की फायलमचं, म्हणजे जीनसच्या कितीतरी वरच्या मोठ्या गटाचं, नाव जुनं लिहिलं आहे. २०२१ मध्ये बॅक्टेरॉइडीट्सचं बॅक्टेरॉइडोटा झालं, ते माझ्या लक्षात नव्हतं. आणि शेवटचा शेरा नावावर. व्युत्पत्ती लिहिताना मी सवयीनं 'नपुंसकलिंगी विशेषण' असं टाकलं होतं आणि शेवटी 'एन्से'. क्रायसिओबॅक्टेरियमच्या काळात लिहिलेलं, तसंच राहून गेलेलं. मी इतरांना पिवळी साडी शिकवत फिरत होते आणि माझ्याच हस्तलिखितात साडीला 'पिवळं' लिहिलं होतं.

एक मैत्रीण म्हणाली, कशाला एवढं. २०२२ मध्ये सीकोड नावाची नवी संहिता आली आहे, तिथे नुसता जीनोम टाइप म्हणून चालतो, नळी नको, कुरिअर नको. तिचं काम गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या, प्लेटवर न वाढणाऱ्या जीवाणूंवर, त्यामुळे तिला ते हवंच. माझ्याकडे मात्र वाढणारा जंतू होता. पुण्यातल्या संग्रहातल्या त्या सीलबंद काचेच्या कुपीत मामाच्या अंगणातला गाळ कोरडा होऊन बसलाय, आणि कधी कोणी पाणी घालून त्याला उठवू शकेल, हे मला जीनोमच्या फाइलपेक्षा जास्त खरं वाटतं.

दुरुस्त हस्तलिखित परत पाठवून आता सात आठवडे झाले. छापून येईपर्यंत नाव वैध नाही, आणि आधीच चारचौघांत फिरवू नये असं मॅडमनी बजावलंय, म्हणून शेवटी काय ठरलं ते इथे लिहीत नाही. घरात फक्त आजीला सांगितलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, शेवटचा 'सिस' तिला काही नीट जमला नाही.

प्रयोगशाळेत त्याला अजून चौदा नंबरच म्हणतात. परवा ज्युनिअरनं फ्रीजरच्या डब्यावरची पुसट झालेली चिठ्ठी बदलली. विचारत होती, नव्या चिठ्ठीवर काय लिहू. मी म्हटलं, व्हीएम-१४, आणि तारीख.